बक्षिसी : कोणाला, किती आणि कशी?

हॉटेलातले जेवण आटोपले आहे. वेटरने बडीशेपेच्या बशीत बिल आणून ठेवले, आपण पैसे दिले आणि उरलेली मोड त्याच बशीतून परत आली. आता आपली बोटे बशीवर घुटमळत आहेत. सगळे उचलावे, थोडे ठेवावे, की नोट तशीच राहू द्यावी? बरोबरचे मित्र आपल्याकडे बघत असतात आणि वेटर मुद्दाम दुसरीकडे बघत असतो. उण्यापुऱ्या अर्ध्या मिनिटाचा हा प्रसंग. पण तेवढ्यात आपला हिशेबीपणा, आपली भीड, आपली दानत आणि आपला दिमाख हे सगळे एकदम जागे होतात. हल्ली तर पुष्कळदा बशीत मोडही येत नाही. मोबाइलवरून बिलाचे पैसे अगदी पै न् पै चुकते होतात आणि उरत काहीच नाही. उरतो तो प्रश्न : ह्या माणसाला काही द्यायचे की नाही?

प्रश्न लहान आहे हे खरे. पण लहान आहे म्हणून तो सोपा आहे असे मात्र नाही. वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे, पाहुण्याच्या घरी कसे वागावे, पंगतीतून आधी उठू नये, हे सारे आपल्याला घरी शिकवले जाते. बक्षिसी कशी द्यावी हे कोणी शिकवीत नाही. जो तो आपल्या वडिलांचे किंवा कचेरीतल्या साहेबांचे पाहून शिकतो. मग कोणी पाच रुपयांचे नाणे टाकून ‘ठेव रे’ म्हणतो. कोणी चार लोक बघत असले तर शंभराची नोट ठेवतो आणि एकटा असला तर सुटे पैसेसुद्धा वेचून घेतो. ह्यात आपल्या स्वभावाचे दर्शन घडते, ते राहू द्या. पण ह्या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा असतो आणि त्याचे घर काही अंशी ह्याच पैशावर चालते. म्हणून ह्या विषयाचा थोडा विचार करू या.

आधी शब्दांकडे पाहू, कारण शब्द पुष्कळ काही सांगून जातात. आपले ‘बक्षीस’ आणि ‘बक्षिसी’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले; देणे, बहाल करणे हा त्यांचा मूळ अर्थ. मराठीने मात्र त्यांत मोठा मार्मिक भेद केला. शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलाला मिळते ते बक्षीस. सामान उचलणाऱ्याला मिळते ती बक्षिसी. बक्षीस आपण चारचौघांना दाखवतो. बक्षिसी घेणारा ती मुकाट्याने खिशात घालतो. दिवाळीत पोस्टमनला, गुरख्याला, झाडूवाल्याला देतात तो पोस्त. ‘चहापाणी’ आणि ‘चिरीमिरी’ हे शब्द तर इतके घसरले की त्यांना आता लाचेचा वास येतो. चहापाण्याची ही कल्पना एकट्या आपलीच आहे असे समजू नका. जर्मन माणूस बक्षिसीला ‘ट्रिंकगेल्ड’ म्हणतो, म्हणजे पिण्याचे पैसे; फ्रेंच माणूस ‘पूरब्वार’ म्हणतो, म्हणजे पिण्यासाठी; रशियन तर सरळ ‘चहासाठी’ म्हणतो; आणि पोर्तुगीजांचा ‘गोर्जेता’ हा शब्द चक्क घशावरून आला आहे. इंग्रजी ‘टिप’ म्हणजे तत्पर सेवेची हमी मागणाऱ्या तीन शब्दांची आद्याक्षरे, अशी एक गोष्ट सांगतात. ती मागाहून रचलेली आहे. देणे, पुढे सरकवणे अशा अर्थाचा तो बोलभाषेतला जुना शब्द आहे, इतकेच.

ह्या सगळ्या शब्दांचा सूर एकच आहे : बाबा रे, हे तुझ्या कामाचे दाम नव्हेत, दाम तुला मिळालेच असतील, हे वर थोडे, माझ्याकडून.

म्हणजे बक्षिसी ही तीन गोष्टींच्या मधोमध उभी आहे. एका बाजूला मजुरी. ती ठरलेली असते, हक्काची असते, मागून घेता येते. दुसऱ्या बाजूला भेट. ती माणूस माणसाला आपखुशीने देतो आणि घेणाऱ्याला तीत कमीपणा वाटत नाही. तिसऱ्या बाजूला भीक. तिच्यात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली. बक्षिसी मजुरीकडे झुकली की मालक मजुरी द्यायचे टाळू लागतो. ती भिकेकडे झुकली की घेणाऱ्याची मान खाली जाते. ती भेटीकडेच झुकलेली राहील एवढे पाहणे, ह्यात बक्षिसीची सारी रीत आली. किती टक्के आणि किती रुपये हा त्यापुढचा प्रश्न.

बक्षिसीने मजुरीची जागा घेतली म्हणजे काय होते, हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे. ही चाल तेथे युरोपातून गेली. १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी गेली. पण नव्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना कामावर ठेवताना, ‘पगार कशाला? गिऱ्हाईक देईल तेच पुष्कळ’ असा हिशेब अनेक मालकांनी केला. पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत काम करणारे पोर्टर हे ह्याचे ठळक उदाहरण. अंथरुणे घालायची, बुटांना पॉलिश करायचे, रात्र रात्र जागायचे. पगार तुटपुंजा आणि बाकी सगळे प्रवाशांच्या मर्जीवर. प्रवासी त्यांना स्वतःच्या नावाने हाकही मारीत नसत. कंपनीच्या संस्थापकाचे नाव जॉर्ज, म्हणून प्रत्येक पोर्टर ‘जॉर्ज’! १९२५ साली फिलिप रँडॉल्फ ह्यांच्या नेतृत्वाखाली ह्या पोर्टरांनी आपली संघटना उभारली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९३७ साली, कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. त्यांनी झगडून काय मिळवले? वाढीव पगार आणि कामाचे कमी तास. ज्यांचा संसार बक्षिसीवर चालत होता, त्यांनाच ती पुरेशी नाही हे सर्वांत आधी कळले होते.

बक्षिसी लोकशाहीला शोभत नाही, असे म्हणणारेही अमेरिकेत होते. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने तिच्यावर चक्क कायद्याने बंदी घातली आणि आणखी काही राज्यांनी तिचा कित्ता गिरवला. पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे मोडीत निघाले. पुढे उलटेच झाले. १९६६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, नोकराला मिळणारी बक्षिसी त्याच्या किमान वेतनात काही प्रमाणात धरण्याची मुभा मालकाला मिळाली. तेथे केंद्राने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. पण बक्षिसी मिळणाऱ्या नोकराला मालकाने स्वतः द्यायची किमान रक्कम ताशी केवळ २.१३ डॉलर, आणि ती १९९१ पासून तिथेच अडकून बसली आहे. बक्षिसी धरूनही ७.२५ भरत नसतील तर उरलेला फरक मालकाने द्यावा असा नियम आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सूट नाकारून पूर्ण वेतनाची सक्ती केली आहे. पण जेथे तसे केलेले नाही, तेथे वेटरचा पगार म्हणजे गिऱ्हाइकाची लहर. गिऱ्हाईक उद्धटपणे बोलले, एखाद्या मुलीला नको ते बोलले, तरी तिने हसून ऐकून घ्यायचे. कारण महिन्याचे घरभाडे त्याच्या खिशात असते.

‘पण सर, टिपमुळे सेवा चांगली मिळते की नाही?’ असे अर्थशास्त्राच्या वर्गात कोणीतरी विद्यार्थी हटकून विचारतो. तर्काने ते बरोबर वाटते. परंतु कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल लिन ह्यांनी ह्या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे, आणि सेवेचा दर्जा व बक्षिसीची रक्कम ह्यांतला संबंध त्यांना फारच क्षीण आढळला. लोक बक्षिसी देतात ती मुख्यतः बिलाचा आकडा पाहून आणि रीत म्हणून. शिवाय साधी गोष्ट पाहा : बक्षिसी जेवणानंतर दिली जाते. ज्या गावात आपण पुन्हा जाणार नाही, तिथल्या वेटरला दिलेल्या पैशातून आपण कोणती सेवा विकत घेणार? तेव्हा बक्षिसी म्हणजे चांगल्या सेवेची किंमत, हा समज डोक्यातून काढून टाकलेला बरा.

जपानात ह्याच्या अगदी उलट. तेथे उपाहारगृहात टेबलावर पैसे ठेवून निघालात, तर ‘तुमचे पैसे विसरले’ म्हणून वेटर रस्त्यापर्यंत धावत येतो. आपले काम नीट करणे हा त्याच्या लेखी त्याचा धर्म. त्यासाठी वर पैसे देणे म्हणजे, ते नीट होईल अशी तुमची खात्री नव्हती असे सुचवणे. मात्र तेथल्या पारंपरिक यात्रीनिवासात, खोलीवर जेवण वाढणाऱ्या आणि बिछाना घालणाऱ्या बाईसाठी थोडी रक्कम द्यायची जुनी पद्धत आहे. ती नोट उघडी द्यायची नाही. स्वच्छ पाकिटात घालून, दोन्ही हातांनी, आणि मुक्काम संपल्यावर नव्हे तर बहुधा सुरुवातीलाच. फ्रान्सने तिसरा मार्ग काढला. सेवेचा आकार पदार्थाच्या किमतीतच धरलेला असला पाहिजे असा तेथे १९८७ पासून नियम आहे. त्यावर कोणी नाणे-दोन नाणी ठेवली तर तो खुशीचा मामला. तिन्ही देशांत जेवण मिळते, वेटर असतात, गिऱ्हाइकेही असतात. फरक एवढाच की नोकराचा पगार कोणी द्यायचा हे प्रत्येकाने निराळे ठरवले आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे कायद्याची दृष्टी ह्या बाबतीत बरीच स्वच्छ आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका मोठ्या हॉटेल कंपनीचे आयकराचे प्रकरण आले होते. गिऱ्हाइकांनी कार्डावरून दिलेली टिप कंपनी गोळा करून नोकरांना वाटत असे; तो पगार समजायचा का, असा मुद्दा होता. न्यायालयाने सांगितले की हा पगार नव्हे. हे पैसे मालकाच्या खिशातून आलेले नाहीत, ते गिऱ्हाइकाने दिलेले आहेत, मालक केवळ मधला माणूस. निकाल कराविषयीचा होता, पण त्यातले तत्त्व आपल्यालाही उपयोगी आहे. पगार मालकाने द्यायचा. टिप गिऱ्हाइकाने, त्याच्या इच्छेने.

ही इच्छा मोठ्या हॉटेलांनी हळूच काढून घेतली ती ‘सर्व्हिस चार्ज’च्या रूपाने. बिलाच्या तळाशी पाच किंवा दहा टक्क्यांची एक ओळ छापलेली यायची, शेजारी जीएसटीची ओळ, आणि गिऱ्हाईक समजायचे की दोन्ही सरकारचेच. वस्तुतः जीएसटी हा कर आहे. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०१७ साली ह्याविषयी सूचना काढल्या. पुढे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली : सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावाने वसूल करू नये, आणि तो न देणाऱ्याला प्रवेश नाकारू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि ही तत्त्वे वैध ठरवली. ग्राहकाला स्वखुशीने टिप द्यायची असेल तर त्याला कोणाची आडकाठी नाही, हेही न्यायालयाने सांगितले. तेव्हा बिलात अशी ओळ दिसली तर ‘ही काढून द्या’ असे शांतपणे म्हणता येते. आवाज चढवायचे कारण नाही, आणि वेटरवर तर मुळीच नाही. ती ओळ त्याने छापलेली नसते. मालकाने ऐकलेच नाही तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सर्व्हिस चार्ज काढायला लावून ते पैसे आपल्याच खिशात परत टाकले, तर आपण मालकाशी भांडलो आणि भुर्दंड वेटरला पडला, असे व्हायचे. ओळ काढायला लावा. पण मग वेटरच्या हातात काहीतरी ठेवा.

किती ठेवावे? ह्याला शास्त्र नाही, अंदाज आहे. चहा-इडलीच्या उडपी हॉटेलात किंवा खानावळीत दहा-वीस रुपये पुरे. कुटुंबासह बसून सावकाश जेवलात, चार वेळा पाणी मागितले, मुलांनी वरण सांडले ते कोणी पुसले, तर कर सोडून जे बिल असेल त्याच्या पाच ते दहा टक्के हा सर्वसाधारण आणि समाधानकारक आकडा आहे. सर्व्हिस चार्ज तुम्ही स्वखुशीने भरला असेल, तर वेगळे काही ठेवायची गरज नाही. थाळीच्या जेवणावळीत चार वाढपी फिरत असतात. भाजीवाला निराळा, पोळीवाला निराळा. तेथे एकालाच देऊ नये. गल्ल्याजवळ सगळ्यांसाठी डबा ठेवलेला असेल तर त्यात टाकावे, नाहीतर मुख्य वाढप्याला ‘सगळ्यांत वाटा’ असे सांगून द्यावे.

कार्डावर किंवा मोबाइलवरून बिलासकट टिप देणार असाल, तर वेटरला हळूच विचारा : ‘हे तुमच्यापर्यंत पोचतं ना?’ काही ठिकाणी पोचते, काही ठिकाणी गल्ल्यातच मुरते. इंग्लंडात ह्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे मालकाला टिपेतला एकही पैसा स्वतःकडे ठेवता येत नाही आणि वाटणीही न्यायाने करावी लागते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. तेव्हा बिल कसेही भरा, पण बक्षिसीपुरत्या दहा, वीस, पन्नासाच्या चार नोटा खिशात असू द्या.

जेवण खारट झाले, उशीर झाला, तर बक्षिसी द्यावी का? आधी चूक कोणाची ते पाहावे. मीठ आचाऱ्याने टाकलेले असते. गर्दीच्या दिवशी माणसे कमी ठेवण्याचा निर्णय मालकाचा असतो. वेटर बिचारा दोघांच्या मध्ये सापडतो. जेवणाबद्दल तक्रार असेल तर ती व्यवस्थापकाकडे तोंडाने करावी. वेटर स्वतः उर्मट वागला असेल, तर अर्थातच काही देणे लागत नाही.

वेटर निदान आपल्याला दिसतो. आता ज्या व्यक्तीविषयी बोलायचे आहे ती बहुतेकांना दिसतच नाही. आपण सकाळी फिरायला बाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा खोली नव्यासारखी झालेली असते. चादर ताणून बसवलेली, उशांचे अभ्रे बदललेले, न्हाणीघर कोरडे, आरसा लख्ख, कचऱ्याची टोपली रिकामी. हे कोणी केले? एखाद्या बाईने किंवा मुलाने, पाऊण तासाच्या आत, आणि अशा डझनभर खोल्या एका पाळीत. जाड गादीचा कोपरा उचलून चादर खाली खोचायची, हे काम एकदा करून पाहावे. आणि मग ते दिवसातून वीस-पंचवीस गाद्यांना, रोज, असे मनात आणून पाहावे. कंबर आणि खांदे ह्यांचे दुखणे हे ह्या कामाचे ठरलेले दुखणे आहे. दुसऱ्याचे केस, दुसऱ्याचे उष्टे, दुसऱ्याचे ओले टॉवेल हाताळायचे. आणि एवढे करून पाहुण्याच्या नजरेस पडायचे नाही, हीच कामाची शिस्त. टेबलाजवळ हसून उभ्या राहणाऱ्याला आपण भिडेखातर तरी काही देतो. खोली आवरणारी समोर नसते, म्हणून भीडही नसते, आणि आपले काम सोपे होते. माझ्या मते बक्षिसीतला सर्वांत मोठा अन्याय हा आहे.

ह्यांना द्यायचे कसे, ह्यातही एक बारकी गोष्ट आहे. खोलीत नुसती नोट ठेवून गेलात तर ती कदाचित तशीच पडून राहील. कारण पाहुण्याच्या खोलीतल्या पैशाला हात लावायचा नाही, हा त्यांना पहिला धडा दिलेला असतो. ती नोट उचलली आणि पाहुण्याने ‘पैसे गेले’ म्हणून ओरड केली, तर नोकरी गेली समजावी. म्हणून नोटेबरोबर एक चिठ्ठी ठेवा : ‘खोली आवरणाऱ्या ताईंसाठी. आभार.’ एवढ्या चार शब्दांनी ती नोट संशयातून मुक्त होते. दुसरे असे की शेवटच्या दिवशी एकदम न देता रोज थोडे द्यावे. कारण सोमवारी खोली आवरणारी बाई बुधवारी सुट्टीवर असू शकते, आणि तिच्या श्रमाचे पैसे तिसऱ्याच व्यक्तीला मिळतात. रक्कम म्हणाल तर मध्यम दर्जाच्या हॉटेलात दिवसाला पन्नास ते शंभर रुपये. खोली महागडी असेल, लहान मुले असतील, घाण अधिक झाली असेल, तर त्याहून जास्त. तीन हजारांची खोली घेणाऱ्याला पन्नास रुपये जड नसतात, आणि तिच्या हिशेबात ते दुधाचे किंवा रिक्षाचे पैसे असतात.

पैशाशिवायही काही देता येते. निघताना ओले टॉवेल एके ठिकाणी ठेवावेत, उष्ट्याच्या बशा दाराशी लावून ठेवाव्यात, कचरा टोपलीत टाकावा. एखादी वस्तू सापडली नाही तर आधी स्वतःची बॅग पुन्हा उपसून पाहावी आणि मगच तोंड उघडावे. सोन्याची अंगठी स्वतःच्याच खिशात सापडेपर्यंत खाली एखाद्या बाईची झडती होऊन गेलेली असते. आणि कोणी खरोखर मनापासून काम केले असेल तर हॉटेलच्या अभिप्रायाच्या वहीत तिचे नाव घालून दोन ओळी लिहाव्यात. बढतीच्या वेळी त्या ओळी कामाला येतात.

२०१४ साली मॅरियट ह्या हॉटेल कंपनीने अमेरिका व कॅनडातल्या एक लाखाहून अधिक खोल्यांत, सफाई करणाऱ्यांसाठी बक्षिसी ठेवायची पाकिटे ठेवली. काहींनी स्वागत केले. पण पुष्कळांनी विचारले : एवढे वाटते तर पगारच का वाढवीत नाही? हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि आपल्याकडेही तो विचारला पाहिजे. मात्र पगार वाढत नाही तोवर आपणही काही ठेवायचे नाही, असे म्हणणे म्हणजे मालकाच्या चुकीची शिक्षा त्या बाईला करणे होय.

कोकणात किंवा महाबळेश्वरकडे घरगुती निवास-न्याहारीची सोय असते, तेथे रीत थोडी वेगळी. घरची मालकीणच आपल्याला गरम घावने वाढते. तिच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली तर तिला ते लागेल. आपण तिचे पाहुणे झालेलो असतो. तेथे जाताना मुलांसाठी खाऊ न्यावा, निघताना जेवणाचे नाव काढावे. पण तिच्या हाताखाली भांडी घासणारी, अंगण झाडणारी बाई असते. तिला विसरू नये. आणि द्यायचे ते मालकिणीच्या हाती न देता, ‘मावशी, हे तुम्हाला’ म्हणून तिलाच द्यावे.

परदेशी मुलाकडे गेलेल्या आईवडिलांनाही दोन शब्द सांगतो. अमेरिकेत सगळे जेवायला जातात, मुलगा बिलावर वीस टक्के टिप लिहितो, आणि वडील मनातल्या मनात डॉलरचे रुपये करून हबकतात. ‘अरे, एवढ्यात आपल्याकडे चौघांचं जेवण होईल!’ होईल खरे. पण वर सांगितलेला २.१३ डॉलरांचा हिशेब आठवावा. तेथे टेबलावर वाढणाऱ्याला पंधरा ते वीस टक्के आणि हॉटेलची खोली आवरणाऱ्याला दर रात्रीचे दोन ते पाच डॉलर ही रूढ रीत आहे. ज्या गावाची जी रीत, ती पाळावी. आणि जपानात गेलात तर ह्याच न्यायाने नोट खिशातच राहू द्यावी.

आणखी एक विषय बाजूला ठेवता येत नाही. टेबल पुसायला आठ-दहा वर्षांचा पोरगा आला, तर आपण कळवळून त्याच्या हातावर दहा रुपये ठेवतो आणि आपल्याला बरे वाटते. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत व ढाब्यांवर कामाला ठेवण्यास आपल्या देशात १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. त्या मुलाला आपली बक्षिसी नको आहे, शाळा हवी आहे. अशा वेळी १०९८ ह्या क्रमांकावर कळवणे, हीच त्याला द्यायची खरी देणगी.

शेवटी द्यायच्या पद्धतीविषयी. नोट फेकू नये, बशीखाली लपवू नये, चार लोकांना दिसेल अशी फडकवूही नये. वेटरला ‘ए’, ‘शुक शुक’ किंवा चुटकी वाजवून बोलावणारा माणूस जाताना दोनशे रुपये ठेवून गेला, तरी त्या ‘शुक शुक’ची भरपाई होत नाही. आपल्या मराठीत ह्यासाठी किती सोयीचे शब्द आहेत! वयाने मोठा असेल तर ‘काका’, बरोबरीचा असेल तर ‘दादा’, बाईमाणूस असेल तर ‘ताई’ किंवा ‘मावशी’. जेवताना एकदा नाव विचारावे, निघताना त्या नावाने हाक मारून, तोंडाकडे पाहून, ‘हे तुमच्यासाठी’ म्हणून द्यावे. ज्याच्याजवळ त्या दिवशी द्यायला खरोखर काही नसेल, विद्यार्थी असेल, पगाराच्या आधीचा आठवडा असेल, त्यानेही शरमून पळ काढू नये. ‘जेवण छान झालं’ एवढे म्हणावे आणि जावे.

पगार मालकाने द्यावा, कर सरकारला जावा, आणि बक्षिसी आपल्या हातून, ज्याने काम केले त्याच्याच हातात पडावी. मग ती दहा रुपयांची असो की पाचशेची. पुढच्या वेळी गावोगावच्या सहलीला निघाल, तेव्हा बॅगेत कपड्यांबरोबर थोड्या सुट्या नोटा आणि एक पेन तेवढे टाका. खोलीच्या टेबलावर कागद बहुधा असतोच.